रिकाम्या टॉकीजमधली म्हैस

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या स्टुडिओत, संगणकावर एका हत्तीला चालायला शिकवत होते. "ताई, हे गेले…" वहिनी एवढंच बोलू शकली. त्याला आता महिना झाला.

नागनाथअण्णा माझे चुलतभाऊ, पण वयानं वडिलांच्या बरोबरीचे. बिदरच्या एका जुन्या टॉकीजचे मॅनेजर. शाळेच्या सुट्टीत मी आमच्या निर्णा गावाहून बिदरच्या मैलूर भागात त्यांच्या घरी जायची आणि दुपारचा खेळ हमखास बघायची. पुढं ॲनिमेशन शिकायला निघाले तेव्हा वडील म्हणाले, "चित्रं हलवून कुणाचं पोट भरतंय?" त्यावर अण्णाच बोलले, "जाऊ द्या काका. हालणारी चित्रं बघायलाच तर लोक माझ्याकडं येतेत."

दोन वर्षं राबून आमच्या स्टुडिओचा पहिला कार्टून सिनेमा आला आणि साफ पडला. मोठ्या शहरांतून आठवडाभरात उतरला. स्टुडिओतली निम्मी माणसं घरी गेली, पुढची पाळी माझी होती. नेमका तेव्हाच अण्णांनी तो हट्टानं बिदरला लावला. मी गेले, तर हॉलमध्ये जेमतेम दहा-बारा माणसं.

"कामून लावलात अण्णा? माझी लाज काढायला?"

"रडायलीस कामून? पडद्याकडं बघू नको, माणसांकडं बघ." पडद्याच्या कडेला त्यांनी दोन खुर्च्या प्रेक्षकांकडं तोंड करून टाकल्या, एकीत स्वतः बसले.

मी केलेली म्हैस हौदावर पाणी प्यायला लागली… तशी एक म्हातारी पुढं झुकून शेजारणीला म्हणाली, "व्हय गं, अशीच पितीय!" नंतर राजाचं लांबलचक भाषण सुरू झालं. लोक जांभया द्यायला लागले. दोघं उठून गेले.

"म्हैस जमलीय तुला," अण्णा म्हणाले. "फसलीय ती गोष्ट. लोकांना कार्टून नको असं न्हाई, भाषण नको. आता गोष्ट रचायला शिक."

नोकरी गेलीच. पण मी शिकले, आणि दुसऱ्या स्टुडिओत ॲनिमेशनसोबत कथेच्याही कामावर लागले. तिथला आमचा सिनेमा चालला. तो बघायला अण्णा गेल्या वर्षी हैदराबादला आले, तब्येत साथ देत नसताना. सगळा वेळ त्यांची नजर पडद्यावर होती, आजूबाजूच्या माणसांचा त्यांना विसरच पडला होता. मध्यंतरात मी म्हटलं, "चला अण्णा, चहा घेऊ."

उभा जन्म मध्यंतराची घंटा वाजवलेला तो माणूस खुर्ची धरून म्हणाला, "तू जा. मी हितंच बसतो. सुरू झालं तर चुकंल माझं."