छुईवरचा हात

चेतनाच्या बाबाले आमगावात आता सगळे आर्टिस्ट म्हणतात. म्हणोत बापा. मी त्यांची बायको शामकला, सातवी पास, अन् त्यांचं चित्र कसं बनते हे माझ्याइतकं कोणालेच ठाऊक नाही.

पहिले ते दुकानाच्या पाट्या रंगवत. फ्लेक्स आला अन् काम बसलं. एका दिवाळीले मी पांढऱ्या छुई मातीनं भिंत पोतून राहिली होती. आमच्याकडं हातानंच पोततात, बोटांचे वळ उठतात कमानीसारखे. हे मागं उभे. चहा थंडा झाला तरी हलले नाही. दुसऱ्या दिवशी प्लायवूडची फळी आणली अन् म्हणे, "ह्याच्यावर मार हात."

तेव्हापासून अकरा वर्षं असंच. छुईत सरस कालवून मी फळी पोतायची. वाळली का ते तिच्यावर तेलरंग चोळत अन् फडक्यानं पुसून काढत. रंग राहते तो फक्त बोटांच्या वळांत. मग दुसरा रंग, पुन्हा पुसणं, पंधरा-पंधरा दिवस. झाड नाही, माणूस नाही, गाय नाही. रंगाचं डोकं त्यांचंच, हे मी खोटं नाही बोलणार. शेताच्या बांधीतलं पाणी उतरल्यावर धानाच्या बुडाशी जो काळपट हिरवा दिसते, तो त्यांनी चार महिने शोधला. पण हात? एकदा स्वतः पोतून पाहिलं. जागोजागी थांबलेला हात, सारं सपाट. तेव्हाच म्हणाले होते, "प्रदर्शन लागलं ना, तर त्याच्या छापील पुस्तकात दोघांचं नाव टाकीन." त्या एका शब्दावर मी राबली.

यंदा गोंदियात प्रदर्शन लागलं. मी नवी साडी नेसून गेली. पेपरवाल्यानं विचारलं, "ये उंगलियों का काम कहाँ से आया?" हे म्हणतात, "कचारगड की गुफा से. तीन दिन पत्थर पे हाथ रखके बैठा था." हा माणूस कचारगडले एकदाच गेला, जत्रेत, अन् अर्ध्या चढावरून गुडघा धरून परतला! मी पुस्तक उघडलं. माझं नाव होतं, शेवटच्या पानावर: चहापाण्याची व्यवस्था, सौ. शामकला.

घरी विचारलं, "काऊन असं केलं तुम्ही?"

"अवो, बायको भिंत पोतते म्हटलं तर कोण थांबते? गुहा म्हटलं का लोक थांबतात. समजून घे."

नाही घेतलं समजून. अंगाची नुसती आग आग झाली. म्हटलं, आता फळी पोतायले मले बोलवू नका.

वाटलं होतं, चार दिवसांनी येतील, चूक झाली म्हणतील. आठव्या दिवशी पाहते तर मागच्या अंगणात शेजारची रीता फळीपुढं बसलेली, कोपरापर्यंत छुई, अन् हे तिले मनगट कसं फिरवायचं ते सांगून राहिले होते. मीच त्यांले सांगितलेलं. तिचा हात चांगला चालत होता, खोटं कायले बोलू.

ते बाजारात गेल्यावर मी ते पुस्तक घेऊन तिच्याजवळ गेली अन् शेवटचं पान दाखवलं. म्हटलं, "पाह्य वो, अकरा वर्षांचं हे."

रीतानं वाचलं. मग हात पुन्हा छुईत बुडवला.

"तुमचं काय भाभी, तुम्ही तर घरच्याच. माझं नाव टाकतो म्हणले ते."