“मी चुकले” म्हण

“ए मांगीण, तो लोटा ठेव खाली!”

आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावात, चर्चच्या ओट्यावर. उपासना नुकतीच संपलेली, ऊन मी म्हणत होतं. माठातलं लोटाभर पाणी मी प्यायले होते, एवढंच. ओरडल्या त्या मास्तरीणबाई, चर्चच्या मुख्य पंचांची बायको. त्यांच्या घरचे वरच्या जातीतून ख्रिस्ती झालेले, आम्ही मांगवाड्यातून. बाईंनी माझ्यासमोर माठ उचलला आणि ओट्याखाली उपडा केला.

माझे वडील, बापू, चर्चची घंटा वाजवायचे. मी झाडलोट करायची. आम्ही दोघं चर्चमागच्या खोलीत राहायचो. सगळं मी झाडायची, पुसायची, पण माठ भरायला दुसरी बाई होती. का, हे वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी कळलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“बाई, जीभ आवरा. मला नाव हाय.”

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, सगळ्यांनी प्रभूच्या नावानं एका ताटातली भाकर खायची. ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्यानं ते आधी मिटवायचं, ही आमची रीत. रीत चांगलीच. पण मिटवायचं कुणी? संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आले. दारातच उभे राहिले.

“ख्रिस्ती माणसानं गोड बोलावं, मुली. रविवारी सगळ्यांसमोर ‘मी चुकले’ म्हण. नाहीतर पंच खोली रिकामी करून घेणार आहेत.”

“आन् बाईंनी काय म्हनायचं?”

“त्या मोठ्या आहेत,” ते बापूंकडे बघत म्हणाले.

त्या आठवड्यात कोणी भांडायला आलं नाही. त्याचीच भीती वाटत होती. मी आमच्या ख्रिस्ती रीतीनं सलाम करायची, लोक पायाकडे बघत निघून जायचे. मंगळवारी पंच येऊन खोलीच्या भिंती बघून गेले. गुरुवारी दाराच्या कडीत कोणीतरी नवं कुलूप अडकवून गेलं. लावलं नव्हतं. नुसतं अडकवलं होतं. आत-बाहेर करताना ते दारावर आपटायचं.

“दोन शब्द म्हन, लेकरा,” बापू म्हणाले. “या वयात मला कुठं घेऊन जाशील?”

शनिवारपर्यंत मी ते दोन शब्द म्हणायचं ठरवलंही होतं.

रविवारी पाळकसाहेबांनी जिभेवर प्रवचन केलं. मग म्हणाले, “आपल्या एका बहिणीला काही बोलायचं आहे.” बहीण. आठवडाभर मी कोणाची बहीण नव्हते. मी उठले. मास्तरीणबाई पहिल्या रांगेत, पदर सावरून, वाट बघत बसलेल्या.

“सलाम, बाई,” मी म्हणाले. “मी गावच्या लेकरालाबी वाईट बोलत न्हाई. तुमालाबी बोलनार न्हाई. पन मी चुकले न्हाई. खोटं बोलून या भाकरीला हात लावनार न्हाई. तुमी मला नावानं हाक मारा, मंग मी येते.”

बाईंनी तोंड फिरवलं. ताट माझ्यापुढून निघून गेलं. बापूंपुढे आलं. बापूंनी मान खाली घालून भाकरी घेतली. मला त्यांचा राग आला. ते गेले त्याला आता किती वर्षं झाली, तरी येतो.

दुपारी पंचांनी ते कुलूप लावलं. गाठोडं माझ्या डोक्यावर, घागर बापूंच्या हातात. चर्चच्या फाटकातून निघताना मागून बाईंचा आवाज आला.

“ए मांगीण! झाडू कुठं ठेवला?”

बापू थांबले. सवयच होती. मी त्यांचा हात धरून ओढला आणि वारंगा फाट्याचा रस्ता धरला.

मी आजही सगळ्यांना अहो-जाहो करते. सलाम आधी माझाच असतो. पण जातीनं हाक आली की मी वळत नाही. भर रस्त्यात आली तरी नाही, वेदीवरून आली तरी नाही.