तबकडीवरचे हात

टीव्हीवर क्यूबातल्या एका वाद्यवृंदाचा कार्यक्रम लागला होता. सगळ्यांच्या पुढे एक काळी, भरदार बाई मांड्यांमध्ये उंच ढोल, म्हणजे कोंगा, धरून वाजवत होती. मुलगा हसला. "बाबा, तुमचं वाद्य! पण बाईमाणसानं असं बसावं का हो?"

तरुणपणी मी ज्या हॉटेलात वाजवायचो, तिथला मॅनेजरही हेच म्हणाला होता. तिथल्या लॅटिन बँडमध्ये कोंगा खरं तर वाजवायची फिलोमिना. ती कारवारकडच्या सिद्दी समाजातली, पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. ती म्हणायची, "हा ढोल माझ्याच मुलखातला रे. त्याला एका जहाजात कोंबलं, आम्हाला दुसऱ्यात." मॅनेजरला ती झालरीच्या झग्यात नाचायला हवी होती. म्हणून पाहुण्यांसमोर कोंग्यावर मी बसलो, गोरा आणि पुरुष. बँडच्या गाण्यांची तबकडी निघाली तेव्हा वाजवलं तिनं आणि नाव छापलं माझं. मी गप्प राहिलो.

या संगीताचं सगळीकडे असंच झालं असेल का? काळ्या बाईची कंबर सगळ्यांनी पाहिली, तिचे हात कुणी पाहिले नाहीत.

"कोंग्यावर असंच बसतात," मी मुलाला म्हणालो. "आणि माझ्या तबकडीवर वाजतात ते हात फिलोमिनाचे आहेत."

तो गडबडला. "बाबा, रविवारी तुमचा सत्कार आहे. तिथं हे बोलू नका."

"तिथंच बोलणार. शाल परत मागितली तर देऊन टाकीन."