बी-चौदामधला आरोपी

मुलुंड पूर्वेच्या सह्याद्री सोसायटीत गेल्या डिसेंबरात एक बातमी जिना चढत गेली. बातमी अशी की, बी-चौदामधला परबांचा नंदू लॉ कॉलेजात जातो म्हणतो ते झूट आहे. तो कोर्टात जातो, आणि तोसुद्धा आरोपी म्हणून. जुगाराची केस आहे.

पहिल्या मजल्यावरून निघाली तेव्हा ती एवढीच होती. दुसऱ्यावर पोचेपर्यंत जुगाराची मोबाईलवरची रमी झाली. तिसऱ्यावर कळलं की भाऊ परब बायकोला घेऊन कणकवलीला गेले ते आंब्याची कलमं सांभाळायला नव्हेच, पोराच्या प्रतापांना तोंड देता येईना म्हणून. चौथ्यावर पोरगा स्वतःच राहतो, म्हणून तिथे बातमी दबक्या पावलांनी गेली. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांनी तर त्याला मोक्काही लावला असता, पण तेवढ्यात ऊन उतरलं.

आता बिल्डिंगमधल्या बातम्या म्हणजे कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं कुणीतरी ऐकलेलं. पण ही तशी नव्हती. हिला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार होता. तळमजल्यावरच्या वनमालाबाई डबे करून देतात, त्यांचा भाचा निलेश हेल्मेटच्या चलानासाठी मॅजिस्ट्रेट कोर्टात गेला होता. तो शपथेवर सांगत होता, "मावशी, शिपायानं पुकारलं, 'आरोपी नंदकुमार!' आणि हा उभा! स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं यार."

आणि गंमत अशी की निलेश एक अक्षर खोटं बोलत नव्हता.

नंदकुमार भालचंद्र परब, वय वीस. आजोबा गिरणीत होते, त्यांचं नाव नातवाला ठेवलं. त्यामुळे वर्गातल्या आरव-विवानांमध्ये हा एकटाच नंदकुमार, पेन्शनीत निघाल्यासारखा. भाऊंची कंपनी बंद पडली, ते मीरावहिनींना घेऊन गावी गेले आणि नंदू मागे राहिला. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा कोर्स, त्यातलं तिसरं वर्ष. जाताना भाऊंनी दारात उभं राहून अट घातली होती. "ह्या वर्स बघूया. एकट्यान रवाक जमला तर जमला. नाय तर खोली भाड्यान देवया आणि तू गावाक ये." गावी आल्यावर लॉ कॉलेजचं काय, हे भाऊंनी सांगितलं नाही आणि नंदूनं विचारलं नाही. कणकवलीच्या नाक्यावर चुलत्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथली खुर्ची त्याला डोळ्यांसमोर दिसत होती.

म्हणून रोज सकाळी फोनवर आई विचारायची, "बाबू, बरो आसस मा?" आणि हा म्हणायचा, "एकदम झकास." आई बाबू म्हणते, भाऊ झिला म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नंदूचा दिवस कसा जायचा, तर सकाळी सहाला उठून चहा. मग पुस्तक. पुस्तकं सीनियरकडून घेतलेली, म्हणजे जुन्या कायद्यांची. कायदे मध्येच बदलले, म्हणून प्रत्येक कलमावर पेन्सिलनं नवा आकडा लिहायचा. खुनाचं तीनशे दोन आता एकशे तीन झालं, फसवणुकीचं चारशे वीस तीनशे अठरात गेलं. लोक मात्र अजून चारसोबीसच म्हणतात, आणि म्हणत राहतील. तीनशे अठरा म्हणून शिवी दिली तर समोरच्याला लागायची नाही.

पाठ करायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं आणि बोलायचं तर समोर कुणीतरी लागतं. नंदूनं फ्रिजला साक्षीदार केलं होतं. स्टुलावर बसून तो उलटतपासणी घ्यायचा, "घटनेच्या वेळी आपण स्वयंपाकघरातच होता, हे खरं आहे का?" फ्रिज घरघरायचा आणि नेमका अडचणीच्या प्रश्नाला बंद पडायचा. फितूर साक्षीदार. पण वीस वर्षांचा मुलगा फ्रिजवर किती दिवस हसणार? तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं हसणं सोडलं, तपासणी चालू ठेवली.

मग घाटकोपरच्या कॉलेजात. तिथे दारात मशीन. अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागतो, रोल नंबर सत्याऐंशी हजर. पंचाहत्तर टक्के भरले पाहिजेत, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही, म्हणून अंगठा इमानदारीत. वर्गात दीडशे मुलं. मॅडम आत येतात, पुराव्याचा कायदा शिकवतात, जातात. ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, हे त्यांनी तीन वेळा समजावून सांगितलं. सह्याद्री सोसायटीला त्या वर्गात बसवलं असतं तर अर्ध्या तासात सगळ्यांची वाचा गेली असती. मुलांचे गट पहिल्या वर्षीच ठरलेले. नंदू तेव्हा कॉलेज सुटलं की पळत घरी यायचा, कारण घरी माणसं होती. आता माणसं नव्हती आणि गटही नव्हता. कुणी वाईट नव्हतं हो. "सत्याऐंशी, नोट्स पाठव ना," म्हणत, आणि हा पाठवायचा.

संध्याकाळी डबा. वनमालाबाईंचे अकरा डबे, त्यांना थांबायला वेळ कुठला. 'बी-१४' अशी चिठ्ठी लावलेला डबा कडीला अडकवायचा, बेल दोनदा वाजवायची आणि निघायचं. नंदू दार उघडायचा तोवर चपलांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलेला असायचा. पहिल्या महिन्यात तो बेल वाजायच्या आधीच दाराशी उभा राहत असे. एकदा वनमालाबाई दचकल्या, डाळ सांडली. तेव्हापासून राहत नाही.

एक कुरियरवाला आला होता मधे, नोव्हेंबरात. दारात उभा राहून त्यानं पाकिटावरचं नाव खड्या आवाजात वाचलं, "नंदकुमार परब?" पाकीट विम्याच्या जाहिरातीचं होतं. नंदूनं त्याला पाणी विचारलं. त्याला घाई होती.

तर आता कोर्ट. या मुलांना कोर्टात बसून खटले बघावे लागतात आणि वहीत लिहावे लागतात, किती वाजता काय झालं, कोण काय म्हणालं. बाकीची मुलं घोळक्यानं जातात, नाहीतर एकाची वही दहा जण उतरवतात. नंदू एकटाच गेला. पांढरा शर्ट, काळी पँट, मांडीवर वही, शेवटून दुसऱ्या बाकावर. त्या दिवशी बोर्डावर पन्नासेक केसेस होत्या. शिपाई दारात उभा राहून पुकारत होता, त्याचा आवाज म्हणजे कोळीवाड्यात वाढलेला, समुद्रापलीकडे जाणारा. कुणी उठत होतं, कुणी हात जोडत होतं, कुणाचे वकील पुढची तारीख मागत होते.

बारा वाजून दहा मिनिटांनी शिपायानं पुकारलं, "आरोपी नंदकुमार शांताराम देसले! नंदकुमार शांताराम देसले हाजीर!"

गोकुळाष्टमीच्या रात्री गच्चीत तीन पत्ती खेळताना पकडलेले हे देसले, वय अठ्ठावन्न. कोर्टात आलेच नव्हते.

आणि नंदू उभा राहिला. नुसता उभा नाही, "हजर," असं म्हणालासुद्धा.

निलेश दाराशी होता. बोर्डावर जुगाराची केस लिहिलेली त्यानं वाचली, आडनाव मात्र कानावरून गेलं. त्यानं एवढंच पाहिलं आणि तो चलानाच्या खिडकीकडे पळाला, कारण अशी बातमी पोटात घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे छळ. त्यामुळे पुढचं त्याला कळलं नाही.

मॅजिस्ट्रेट मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही देसले?"

"नाही मॅडम."

"अठ्ठावन्न वर्षांचे दिसत नाही."

"नाही मॅडम. मी विद्यार्थी. लॉचा."

"मग उभे का राहिलात?"

नंदूनं वहीकडे पाहिलं. "नाव पुकारलं, मॅडम," तो म्हणाला.

कोर्ट हसलं. मॅडमही थोड्या हसल्या. "बसा. तुमची वेळ येईल, तेव्हा काळा कोट घालून उभे राहा." देसल्यांवर जामीनपात्र वॉरंट निघालं. नंदूनं ते वहीत व्यवस्थित लिहिलं, कान लाल होईपर्यंत मान खाली घालून.

इकडे सोसायटीत काय झालं ते सांगितलंच. पण खरी मजा पुढे आहे. दुसऱ्या संध्याकाळी बेल दोनदा वाजली, नंदूनं सावकाश दार उघडलं, तर वनमालाबाई उभ्या! डबा हातात.

"काय रे नंदू, जेवतोस ना नीट? आज भरली वांगी दिलीत. तिकडे काय खायला घालतात कोण जाणे."

"कुठे, काकू?"

"अरे, असंच रे. कॉलेजात." आणि त्यांनी त्याच्या खांद्यावरून आत नजर टाकली, पत्त्यांचा कॅट दिसतो का ते बघायला. दिसला फ्रिज आणि एक स्टूल. "एकटाच असतोस नाही?" म्हणत त्या पाच मिनिटं दारात थांबल्या.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी सीतारामकाका आले. पाण्याच्या मीटरचं निमित्त. मग खुर्चीत टेकले. "काय रे नंदू, मला सांग, जुगाराची केस कुठल्या कलमाखाली लावतात? मला काय, जनरल नॉलेज."

"त्याचा कायदा वेगळा आहे काका, जुना. अड्डा चालवला तर कलम चार, तिथे खेळताना सापडला तर पाच."

काकांनी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. इतकं तोंडपाठ! कायद्याच्या विद्यार्थ्याला कलम पाठ असेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. ते चाळीस मिनिटं बसले आणि चहा पिऊन गेले.

नंदू खुळा नव्हता. वारा कुठून येतोय हे त्याला त्या कलम चार-पाचलाच कळलं. एका वाक्यात संपलं असतं, "काका, मी आरोपी नाही, खटला बघायला गेलो होतो." तेवढं वाक्य त्यानं म्हटलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी नाक्यावरून बिस्किटांचे दोन पुडे आणि चार कप घेऊन आला. आठवडाभरात त्याच्या घरी जेवढे पाय लागले तेवढे वर्षभरात लागले नव्हते. कुणी साखर मागायला, कुणी लाईटबिल दाखवायला, कुणी काहीच न सांगता. "नंदू, बरा आहेस ना?" "नंदू, काही लागलं तर सांग." फ्रिजची उलटतपासणी बंद पडली.

पण अफवेला मुलुंडचा टोलनाका अडवत नाही. वनमालाबाईंनी मीरावहिनींना फोन केला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "तू काळजी करू नकोस हं." झालं. वाट लागली. फोननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला भाऊ परब दारात, एका हातात फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची पिशवी, दुसऱ्यात खोली भाड्यानं देण्यासाठी एजंटाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी.

चहा झाला. भाऊंनी चार नवे कप पाहिले. मग म्हणाले, "खरा सांग झिला. तुजो जुगाराशी काय संबंध?"

"काय्येक नाय, भाऊ."

"मगे त्या निलेशान तुका कोर्टात उभो रवलेलो बघल्यान, ता खोटा?"

"खोटा नाय."

नंदूनं वही काढून दिली. भाऊंनी बोट ठेवून वाचलं. कंपनीत फिटर होते ते, ड्रॉइंग वाचावं तशी एकेक ओळ. 'आरोपी गैरहजर. जामीनपात्र वॉरंट.' त्यांचा चेहरा सैलावला, आणि लगेच पुन्हा आवळला.

"आरोपी गैरहजर होतो. मगे तू कित्याक उभो रवलंस? आडनाव तुजा नाय, बापाशीचा नाव तुजा नाय."

मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलेला तोच प्रश्न. पण मॅडम हसल्या होत्या. भाऊ हसत नव्हते, आणि चिठ्ठी टेबलावर होती.

"बाबा रे," भाऊ हळू आवाजात म्हणाले, "एकट्यान रवाक जमत नसात तर आताच सांग. तुजी आवस वाट बघता."

नंदूला गऱ्यांच्या पिशवीतून घरचा वास येत होता. एक शब्द बोलला असता तर संध्याकाळच्या गाडीनं आईच्या हातचं जेवण होतं. आणि नाक्यावरची ती खुर्ची.

"जमता," तो म्हणाला. "सवयीन उभो रवलंय, भाऊ. कॉलेजात रोज एकेकाचा नाव घेतत, उठान 'प्रेझेंट' म्हणूचा लागता. ह्यांनी नाव घेतल्यानी आणि तोंडातसून गेला."

भाऊ असे हसले की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. "मेल्या, वकील होतलंस काय हजेरीमास्तर?" चिठ्ठी त्यांनी खिशात घातली. दिवसभर जिना चढत-उतरत प्रत्येक दारात हाच किस्सा सांगितला, शिपायाचा आवाज काढून. सोसायटी पोट धरून हसली. निलेशला तर वनमालाबाईंनी महिनाभर 'डोळ्यांनी पाहिलेला' म्हणून हाक मारली. दुसऱ्या दिवशी भाऊ समाधानानं गाडीत बसले.

त्या संध्याकाळी बेल दोनदा वाजली. नंदूनं दार उघडलं. डबा कडीला होता आणि चपलांचा आवाज दुसऱ्या मजल्यावर पोचला होता. सीतारामकाकांच्या मीटरचं कामही संपलं. नंदूनं कप धुऊन फळीवर पालथे घातले आणि फ्रिजसमोर स्टूल ओढलं. सत्र परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

राहता राहिली अफवा. नंदू परब आरोपी नव्हता, आणि हजेरीची सवयही खोटीच होती. त्याच्या कॉलेजात हजेरी अंगठ्यानं लागते, नाव कुणी घेत नाही. कुरियरवाला येऊन गेल्याला कोर्टाच्या दिवशी तेवीस दिवस झाले होते. तेवीस दिवसांत कुणी त्याला नावानं हाक मारली नव्हती. कोर्टात कुणीतरी मारली, म्हणून तो उभा राहिला.