पडद्याखालच्या ओळी

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, मागे कसलं गाणं लागलंय?" त्याची ही हकिकत.

तुमचे आजोबा गेल्यापासून घरात गाणं वाजलं नव्हतं, आणि मी रडलेही नव्हते. एका दुपारी घर अगदी खायला उठलं, म्हणून मीरा रोडच्या थिएटरात गेले. त्या वेळेला एक तमिळ प्रेमपटच होता. बसले.

शेजारच्या खुर्चीत एक तमिळ बाई होत्या. अंबाड्यावर अबोलीचा गजरा, मांडीवर घरून लपवून आणलेली चकली. गाणं सुरू झालं की चकली थांबायची आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायची. मी मात्र पडद्याखालच्या इंग्रजी ओळी शिस्तीत वाचत होते.

नायक रिकाम्या घरात एकटाच गाऊ लागला, तेव्हा त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"अम्मा, नीचे क्या पढ़ता है? परीक्षा है क्या? ऊपर देखो ना!"

मी वर पाहिलं. शब्द कळेनात, नुसता तो आवाज आणि मागे बासरी. नायकाने सवयीने दोन कप काढले आणि एक परत ठेवला. मी हुंदके देऊन रडले. बाईंनी आपल्या पदराचं टोक माझ्या हातात दिलं आणि पडद्याकडे पाहत राहिल्या.

दिवे लागल्यावर त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. नाव विचारायचं राहिलं, आभारही.

ते गाणं आता रोज चहा करताना लावते. त्याचा अर्थ इंटरनेटवर मिळतो म्हणे. मी शोधलेला नाही.