तिन्ही ओळींवर एकच शाळा

"फॅमिलीसकट अकरा महिने लंडन," असं मंदारच्या ऑफिसातून आलं, तेव्हा मी सगळ्यांत आधी विचारलं, "लंडनमध्ये नक्की कुठे?" मंदार, माझा नवरा, म्हणाला, "लंडन म्हणजे लंडन गं." या उत्तरावर मी पुढचं अख्खं वर्ष चिडलेली होते. त्यामुळे जे कोणी असं तात्पुरतं बिऱ्हाड थाटायला निघाले असतील त्यांना पहिला सल्ला: ऑफिसचा पत्ता पिनकोडसकट हातात घ्या आणि मगच घर बघा.

खरं तर मला जायचंच नव्हतं. याआधी मंदार दोनदा एकटा जाऊन आला होता, एकदा चौदा महिने, एकदा दहा. आमची सई सहा वर्षांची, त्यातली दोन वर्षं तिचा बाबा म्हणजे रविवारचा फोन. तो घरी असला तरी ती पाणी मला मागायची, वेणी माझ्याकडून घालून घ्यायची. "आज मी सांगू का गोष्ट?" असं त्याने विचारलं की ती सभ्यपणे "नको, थँक्यू" म्हणायची, पाहुण्यांना म्हणतात तसं. त्याचा चेहरा बघवायचा नाही. म्हणून मी कॉलेजातल्या नोकरीत बिनपगारी रजा टाकली आणि जाहीर केलं, की या वेळी जायचं तर तिघांनी, नाहीतर कुणीच नाही.

सईच्या शाळेच्या मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी एकतर मुलगी वर्गात हवी, नाहीतर तिकडच्या शाळेचं पत्र माझ्या टेबलावर हवं. नाहीतर नाव कमी होईल, आणि मग पुन्हा प्रवेश मिळेल याची मी खात्री देत नाही." म्हणजे दिवाळीपर्यंत तिकडे शाळा मिळाली तर आम्ही तिघं एकत्र. नाही मिळाली तर मी आणि सई पुण्यात, आणि मंदार पुन्हा फोनवर.

२००६ च्या ऑगस्टअखेर हीथ्रोला उतरलो. विमानतळावरून हॅरोला मिनीकॅबने तीस पौंड पडले. (ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, स्वस्त पडतं, पण चार मोठ्या बॅगा, कुकर आणि झोपलेलं मूल घेऊन जिने चढायची हौस असेल तरच जा.) पहिले चार दिवस प्रधान काका-काकूंकडे राहिलो. काका इथल्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले डॉक्टर, मंदारच्या मावशीच्या ओळखीतले, तीस वर्षं हॅरोत. काकूंचं मत ठाम होतं. "घर हॅरोतच घ्या. आपली माणसं आहेत, मेथी मिळते, भेंडी मिळते. अजून काय पाहिजे?"

आम्ही घेतलं. वरच्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, महिना साडेआठशे पौंड, सहा महिन्यांचा करार. बाथरूममध्ये कार्पेट. बेसिनला दोन नळ, एकातून उकळतं पाणी आणि दुसऱ्यातून बर्फ, मधलं काही हवं असेल तर स्वतः शोधा. कपडे धुवायचं मशीन स्वयंपाकघरात, आणि शेगडी विजेची, तिच्यावर फुलका फुगायला तयारच होईना. विजेचा मीटर किल्लीवर चालायचा. ती किल्ली कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे नेऊन पैसे भरून आणायची. पहिल्याच आठवड्यात वरण शिजत असताना वीज संपली.

आणि सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मंदारला कळलं, की ऑफिस क्रॉयडनला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हॅरो लंडनच्या वायव्येला आणि क्रॉयडन पार दक्षिणेला. मेट्रोपॉलिटन लाईनने फॅरिंग्डन, तिथून दुसरी ट्रेन, मग चालत. एका बाजूला पावणेदोन तास. "लंडन म्हणजे लंडन," असं मी त्या रात्री जेवताना फक्त एकदाच म्हटलं. खरंच एकदाच.

शाळेचं मात्र मी स्वतःच्या हातात घेतलं. घरापासून पाच मिनिटांवर लाल विटांची सुरेख शाळा होती, काकूंच्या ओळखीतल्या सगळ्यांची मुलं तिथेच शिकलेली. सईला मी पंधरा दिवस तयार केलं होतं. रंग, ऋतू, आवडतं फळ, वडिलांचं नाव आणि हुद्दा. इस्त्रीचा फ्रॉक घालून तिला घेऊन गेले. तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी सईला एकही प्रश्न विचारला नाही. हसून म्हणाल्या, "त्या वर्गात तीस मुलं आहेत. जागा नाही."

मी म्हटलं, "एकच मूल आहे. बारीक आहे. कुठेही बसेल."

"तीस म्हणजे तीस, लव. कायदाच आहे तसा." (इथे अनोळखी माणसालाही प्रेमाने "लव" म्हणतात.)

पुण्यात सईच्या वर्गात अठ्ठावन्न मुलं होती आणि एकोणसाठावं आलं तेव्हा बाक थोडा सरकवला होता, बस. इथे बाक सरकवायची पद्धत नाही. कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, फॉर्म भरा आणि थांबा, एवढंच उत्तर.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते, कारण हा ब्लॉग वाचून निदान एखाद्या आईने तरी तेच करू नये. त्या फॉर्मवर तीन ओळी होत्या. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती. मी पुण्यात वाढलेली. आपल्याकडे मुलाखतीत "अजून कुठल्या शाळांचे फॉर्म घेतलेत?" असं विचारलं, की हात जोडून "नाही हो, फक्त तुमचाच," असं म्हणायचं असतं. दुसरं नाव घेतलं की संपलं, त्यांना वाटतं यांना गरजच नाही. तेव्हा मी तिन्ही ओळींवर ठळक अक्षरात त्या एकाच शाळेचं नाव लिहिलं. म्हटलं, बघू दे त्यांना, आम्ही किती ठाम आहोत ते.

मंदारने विचारलं होतं, "असं चालतं का गं?"

"तुला कळतं का ॲडमिशनमधलं?" मी म्हणाले. एरवी वाद घालतो, त्या दिवशी नेमकं त्यानेच पाकीट चिकटवलं.

सप्टेंबर असाच गेला. सई आणि मी रोज लायब्ररीत. (लायब्ररी फुकट आहे, हीटिंग आहे, मुलांची पुस्तकं ढिगाने आहेत. बिऱ्हाड लावून झालं की पहिलं काम कार्ड काढायचं.) येताना त्या लाल शाळेच्या जाळीपाशी थांबून सई मधल्या सुट्टीतली मुलं बघायची. "आई, मी कधी जायचं?" हा प्रश्न दिवसातून चारदा. मंदार साडेसहाला निघून रात्री आठला यायचा, तोवर ती पेंगुळलेली. पुण्यात होतं तेच इथे, फक्त भाडं पौंडात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. इंग्रजी इतकं गोडगोड होतं, की नकार आहे की होकार हे मला दोनदा वाचूनही कळेना. प्रधानांकडे घेऊन गेले. त्यांची मुलगी नेहा इथेच जन्मलेली, एका शाळेत काम करते. तिने पत्र वाचलं, सोबत आलेली माझ्या फॉर्मची प्रत बघितली आणि भुवया वर नेल्या.

"ताई, तू तिन्ही लाईनवर सेम शाळा लिहिला? बट व्हाय?"

"त्यांना कळावं म्हणून," मी म्हटलं.

"पण तसं नसतो ना इथे. ते कॉम्प्युटरला फक्त एकच चॉईस दिसते. ती शाळा फुल आहे, सो तुझ्याकडे झीरो चॉईस उरला. मग जिथे रिकामी आहे ते देतात."

रिकामी जागा होती दोन बस बदलून पन्नास मिनिटांवरच्या एका शाळेत. मी कौन्सिलला फोन लावला. पलीकडच्या बाई खरंच चांगल्या होत्या, तेच जास्त लागलं. त्यांनी सांगितलं, की तुमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या शाळेत सप्टेंबरात एक जागा होती. तुम्ही नाव लिहिलं असतंत तर मिळाली असती. मागच्या आठवड्यात भरली.

फोन ठेवून मी त्या कार्पेटवाल्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यानंतर घरात जे झालं ते सविस्तर लिहीत नाही. मी म्हणाले, सहा वर्षांच्या मुलीला थंडीत दोन बस बदलत मी नेणार नाही. मंदार म्हणाला, मग काय करणार? मी म्हणाले, परत जाणार. दिवाळीला दोन आठवडे होते. मी तिकिटं बुक करणाऱ्याला फोन करून दोन सीट धरून ठेवायला सांगितल्या. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. चूक माझी होती आणि मला ती इंग्लंडची आहे असं म्हणून घरी जायचं होतं.

त्याच दिवशी मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी मंदारने ऑफिसला दांडी मारली आणि "नुसती बघून येतो" म्हणत सईला घेऊन त्या लांबच्या शाळेकडे गेला. दोघं एकटे असे कधी कुठे गेलेच नव्हते. मी पडल्या पडल्या दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. तिला शू लागली तर? ती रडायला लागली तर याला काय कळणार?

दुपारी आले. सईच्या दोन वेण्यांपैकी एक सुटलेली, एका पायात मोजा नाही, आणि तोंडभर चॉकलेट.

"आई, बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसलं ना, की आपणच बस चालवतो!"

मंदार बूट काढत म्हणाला, "शाळा बरी आहे. मी सोडीन."

"किती दिवस?"

"रोज. तू दुपारी आण, सकाळी मी."

"आणि क्रॉयडन?"

"साडेआठऐवजी साडेदहाला पोचेन. संध्याकाळी उशिरा येईन. मॅनेजरला बसमधूनच फोन केला. तो 'शुअर' म्हणाला."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि या माणसाने ऑफिसात स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मागितलं आणि एका शब्दात मिळालं. इतकं सोपं होतं तर मागची दोन वर्षं काय करत होतास, असं मी ओरडणार होते. पण घसा बसला होता. दुसऱ्या दिवशी धरलेल्या सीट सोडल्या, आणि सई शाळेत जाऊ लागल्यावर मिळालेलं तिथलं पत्र कुरिअरने पुण्याला गेलं. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाआधी दोन दिवस पोचलं.

पुढचे महिने काय सांगू? अकरा वर्षांखालच्या मुलांना लंडनच्या बसमध्ये तिकीट नाही, ही चांगली बातमी. डिसेंबरात सकाळी आठपर्यंत अंधार, आणि चार वाजता पुन्हा अंधार, ही वाईट. पाऊस आपल्यासारखा मोकळेपणी पडत नाही, दिवसभर नुसता तोंडावर बसतो. डब्यात पोळीभाजी दिली तर मुलं विचारतात म्हणून सईने सँडविच मागितलं, आणि मी त्यात बटाट्याची भाजी भरून दिली. दुपारी तिला आणताना ती माझ्या खांद्यावर झोपून जायची, बोलायचं सगळं सकाळीच संपलेलं असायचं.

फेब्रुवारीत मंदार आजारी पडला तेव्हा सकाळी मी गेले. खालच्या मजल्यावर बसू लागले तर सई वैतागली. "इथे नाही बसायचं. बाबाला माहितीये." वर गेलो. पुढच्या सीटवर बसल्यावर म्हणाली, "आता गोष्ट सांग. काल राजा नदीत पडलेला."

"कुठला राजा?"

"तुला नाही माहीत?" तिने माझ्याकडे दयेने बघितलं. "जाऊ दे. बाबा बरा झाला की सांगेल."

ऑक्टोबरपासून चाललेल्या त्या गोष्टीची मला गंधवार्ता नव्हती. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. मला आनंद झाला, आणि थोडं पोटातही दुखलं.

जुलैअखेर सामान बांधलं. हिशेब विचाराल तर शिल्लक फार पडली नाही, आणि स्कॉटलंड बघायचं राहिलं ते राहिलंच. पुण्याच्या मुख्याध्यापिकांनी दाखला उलटसुलट करून बघितला आणि सईला दुसरीत बसवलं. आता मला विचारतात, काय आवडलं तिकडचं? खरं सांगू? फारसं काही नाही. दोन नळ आणि ते कार्पेट तर अजून स्वप्नात येतं.

जानेवारीत मंदारला पुन्हा विचारणा झाली, दोन वर्षं, पगार वाढवून, एकट्यासाठी. तो जागच्या जागी नाही म्हणाला आणि मला चार दिवसांनी सांगितलं. आधी मी भांडले, निदान विचारायचं तरी! मग पोळ्या लाटताना लक्षात आलं, की विचारलं असतं तर मीही तेच म्हणाले असते.

सध्याची परिस्थिती अशी. शाळेची बस सव्वासातला आमच्या गेटसमोर थांबते, हॉर्न वाजवते आणि सईची सीट रिकामी घेऊन निघून जाते. त्यानंतर दहा मिनिटांनी बापलेक स्कूटरवरून निघतात, ती पुढे उभी, तो मागून काहीतरी सांगतोय, आणि रोज उशीर. बसची अख्ख्या वर्षाची फी भरलेली आहे. ती परत मिळत नाही, मी शाळेत जाऊन विचारून आले.