कबुली मिळाली, पेटी मिळेना

पोलीस आधी गुन्हा सांगतात, मग कबुली. मी कबुलीपासून सुरू करते, आणि ती माझी स्वतःची आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका निरपराध माणसाकडून मी वीस मिनिटांत गुन्हा कबूल करून घेतला होता. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. त्या दिवशीचा माझा ताठा आठवला की आजही माझं मलाच हसू येतं.

कोल्हापूरच्या कोर्टात दोन वर्षं वकिली करून मी फौजदार झाले होते. उलटतपासणीत आपला हात कोणी धरणार नाही, अशी माझी ठाम समजूत. नेमणूक मिळाली कर्नाटक सीमेजवळच्या एका ठाण्यात. तिथल्या एका जुन्या हवालदारांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणायची. माझ्या चौकशीला ते ‘बाईसाहेबांचं कोर्ट’ म्हणत. मला ते कौतुक वाटे.

आमच्या हद्दीतल्या एका दगडखाणीच्या कोठीतून डिटोनेटरची पेटी गेली. डिटोनेटर म्हणजे सुरुंग उडवणारी बोटभर नळी. चार दिवसांनी सीमाभागात मोठी सभा होती, त्यामुळे कोल्हापूरहून तासातासाला फोन. घातपाताचा संशय आहे, सभेआधी पेटी मिळालीच पाहिजे. कोठीचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे किल्लीनंच उघडलेलं. किल्ली खाणीच्या रखवालदाराच्या खोपटात खिळ्याला टांगलेली असे.

दुपारी एकजण आपणहून ठाण्यात आला. खाणीत सुरुंग भरणारा कामगार. म्हणाला, “मी सुट्टीवर हाय. पर परवा रस्त्यानं जाताना बघितलं. रखवालदार घाईघाईनं हिरीकडं चाललाता.”

मला एवढी खबर पुरे झाली. रखवालदाराला आणलं. पन्नाशीचा, हडकुळा माणूस, टोपी हातात चुरगाळत उभा. त्याची बायको भाकरीचं फडकं घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसली. मी सुरुवातच केली, “हे बघा, मला सगळं माहीत आहे.” पुढं माझं कोर्ट सुरू झालं.

“परवा कोठीची किल्ली तुमच्याकडे होती ना?”

“व्हय बाईसाब.”

“कोठी तुम्हीच उघडलीत ना?”

जरा थांबून, “व्हय.”

“आणि पेटी विहिरीत टाकलीत. बरोबर?”

“व्हय.”

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीनं दाखवलेल्या जागी माल सापडला तर तो पुरावा चालतो. हे कलम मला तोंडपाठ. अटक दाखवली, दोन पंच घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवाजम्यासह विहिरीवर गेले. मोटर लावून पाणी उपसलं. दोन पोहणारे उतरवले. काठावर निम्मं गाव. दुपारपर्यंत एक फुटकी घागर, कुणाचीतरी चप्पल आणि भरपूर गाळ निघाला. एका म्हातारीनं वरून विचारलं, “बाई, हीर साफ करायची सरकारी योजना आली व्हय?”

आज मीही हसले असते. तेव्हा मी तिला दटावलं.

ठाण्यात परतलो तेव्हा माझ्या खाकी साडीच्या काठाला चिखल आणि टेबलावर कोल्हापूरचे तीन निरोप. रखवालदाराला संध्याकाळच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं होतं. मामा म्हणाले, “बाईसाहेब, मी एक इचारू त्याला?” मी मान हलवली. मामांनी चेहरा एकदम कडक केला.

“काय रं, पेटी कलेक्टरसाहेबांच्या गाडीतनं न्हेलीस न्हवं?”

“व्हय सायेब.”

मामांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

मग त्यांनी त्याला बाकावर बसवलं, बायकोनं आणलेली भाकरी खायला लावली आणि म्हणाले, “त्या दिशी उठल्यापासनं काय काय झालं, सांग.” एवढं बोलून गप्प. तो चाचरत होता, मध्येच थांबत होता. माझ्या जिभेवर दहा प्रश्न आले. मामांनी टेबलाखालून हातानं ‘थांबा’ अशी खूण केली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब पंधरा मिनिटं.

म्हशीचं झालं, जेवणाचं झालं, आणि मग तो म्हणाला, “दुपारी सुरुंगवाला आलाता. डबा इसरला म्हणाला. च्याला पाणी आण म्हणाला, म्हणून मी हिरीवर गेलो. ईस्तवर त्यो निघालाच. सायकल ढकलत गेला.”

“पंक्चर हुती?” मामा.

“न्हाई की. हवा टच्च हुती.”

म्हणजे मला खबर देणाराच त्या दुपारी खोपटात किल्लीजवळ एकटा होता. खडबडीत रस्ता, धडधाकट सायकल, आणि माणूस पायी. सायकलवर काय आहे ते ठाऊक असणाराच असा चालतो. तासाभरात त्या सुरुंगवाल्याच्या गोठ्यात, कडब्याखाली पेटी मिळाली, एकही नळी कमी नव्हती. नदीत बार उडवून मासे मारणाऱ्यांना तो त्या देणार होता. घातपात वगैरे काही नव्हतं.

पुढं माझी बरीच नोकरी विशेष शाखेत झाली. देशाच्या सुरक्षेची प्रकरणं हाताळली, नव्या अधिकाऱ्यांना चौकशी कशी करायची ते शिकवलं. कायद्याच्या शिक्षणाचा रोज उपयोग झाला, पण वर्गात पहिला धडा या विहिरीचाच असे. प्रश्नात उत्तर भरून दिलं की घाबरलेला माणूस तेच परत देतो, आणि खरी पेटी तिकडं गोठ्यात राहते. घरीसुद्धा नातीला मी ‘लाडू तूच खाल्लास ना?’ असं विचारत नाही. ‘डब्याचं काय झालं?’ म्हणते आणि गप्प बसते. पाच मिनिटांत सगळं कळतं, वर तिच्या आईनं किती खाल्ले तेही.

रखवालदाराला सोडलं तेव्हा मी त्याची माफी मागितली. मग न राहवून विचारलं, “अहो, केलं नव्हतं तर प्रत्येक प्रश्नाला ‘व्हय’ का म्हणालात?”

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि अगदी सरळपणे म्हणाला, “बाईसाब, तुमी म्हणालासा, मला समदं ठावं हाय. एवढ्या शिकल्याल्या तुमी. मला वाटलं, मीच इसरलो असंन.”